नाव घातलेली भांडी

आमच्या गावच्या देवळामागे एक खोली होती. सगळे तिला ‘भांड्यांची खोली’ म्हणत. पंगतीची मोठाली पातेली, तपेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं. लग्न असो, मुंज असो की तेरावं, ज्याच्या घरी कार्य असेल त्याने ती न्यायची, वहीत मांडायची आणि काम झालं की घासूनपुसून परत आणून ठेवायची. भाडं नाही. जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असे: कुणाच्या स्मरणार्थ, कुणी दिलं, कोणत्या साली. लहानपणी मी ती ठोक्यांची अक्षरं बोटाने चाचपत वाचायचो. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेलं ताक, आमटी, जे काही आंबट असेल ते कळकतं. म्हणून कल्हईवाला गावात आला की कुणीतरी खोली उघडून एकेक भांडं उजेडात धरायचं आणि उडालेली वेगळी काढायची. माझी आजी हे करायची. तिचं नाव एकाही भांड्यावर नव्हतं.

मी प्रोग्रामर आहे. गेली बारा वर्षं हॅस्केल नावाच्या भाषेत लिहितो आहे, आणि या भाषेच्या लोकांनी एकमेकांसाठी मांडून ठेवलेल्या सामानाकडे बघताना मला ती खोली आठवते. तिथेही नावं घातलेली भांडी आहेत. आणि तिथेही कल्हईचं काम कुणीतरी नावाशिवाय करतं आहे.

हॅस्केल ही फंक्शनल भाषा. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत आपण संगणकाला सूचना देतो: या डब्यात पाच ठेव, आता त्यात दोन मिळव, आता तो डबा रिकामा कर. डब्यात या घडीला काय आहे हे लक्षात ठेवणं हेच मोठं काम होऊन बसतं, आणि चुका तिथेच होतात. हॅस्केलमध्ये एकदा दिलेली किंमत बदलत नाही. फंक्शन शाळेतल्या गणितातल्यासारखं असतं: तेच दिलं की तेच मिळणार, आज, उद्या, कुणाच्याही संगणकावर. दुसऱ्याने लिहिलेलं सामान विश्वासाने वापरायचं तर या गुणाइतका उपयोगी गुण नाही.

या भाषेचा जन्मच मुळी वाटून घेण्याच्या गरजेतून झाला. १९८०च्या दशकात अशा भाषांचं पीक आलं होतं. डझनाहून जास्त भाषा, सगळ्या एकमेकींच्या बहिणी शोभतील अशा, पण एकीतलं दुसरीत चालेल तर शपथ. सप्टेंबर १९८७मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला एका परिषदेच्या निमित्ताने या क्षेत्रातले लोक जमले आणि सर्वांची मिळून एकच भाषा करायची असं ठरलं. त्या वेळी सर्वांत पक्व भाषा होती डेव्हिड टर्नर यांची मिरांडा. ती त्यांच्या कंपनीची, विकत मिळणारी होती. समितीने तीच पाया म्हणून घ्यायचं सुचवलं. टर्नर नको म्हणाले. त्यांना मिरांडाच्या पोटभाषा व्हायला नको होत्या. मला त्यांचं म्हणणं समजतं. आपण घडवलेल्या वस्तूचे दहा जणांनी दहा आकार करावेत हे सहन करणं सोपं नाही. पण त्या नकारामुळेच समितीने स्वतःची भाषा केली, जिच्या व्याख्येचा अहवाल कुणीही घ्यावा आणि कुणीही त्यावरून कम्पायलर, म्हणजे लिहिलेलं यंत्राला चालेल असं करून देणारा प्रोग्राम, लिहावा. पहिला अहवाल १ एप्रिल १९९० या तारखेचा आहे. पुढे २०२०मध्ये टर्नर यांनी मिरांडाचाही सोर्स सगळ्यांसाठी खुला केला. २०२३मध्ये ते गेले.

भाषेला नाव दिलं तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं. ते तेव्हा हयात नव्हते, म्हणून समितीतले दोघे परवानगीसाठी त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांना भेटायला गेले. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि निघताना सांगितलं, की हॅस्केलला स्वतःला मात्र हे नाव कधीच आवडलं नव्हतं. त्या समितीत दोन भारतीय होते, एमआयटीचे अरविंद आणि रिशियूर निखिल. पुढे या दोघांच्या कामातून हॅस्केलच्या वळणाची, चिप घडवण्यासाठीची ब्लूस्पेक ही भाषा उभी राहिली. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर ब्लूस्पेकमध्ये लिहिलेला आहे, आणि ब्लूस्पेकचा कम्पायलर, जो स्वतः हॅस्केलमध्ये आहे, तोही २०२०पासून खुला आहे.

भाषा एक झाली तरी सामान वाटायची खोली नव्हतीच. पहिली दहा-पंधरा वर्षं लायब्ररी म्हणजे कुणाच्या तरी विद्यापीठाच्या पानावर ठेवलेली फाइल. ती उतरवून घ्या, बांधायची रीत शोधा, नाही जमलं तर लेखकाला पत्र लिहा. २००३च्या आसपास आयझॅक जोन्स आणि इतरांनी ‘कॅबाल’ आणलं. प्रत्येक लायब्ररीबरोबर एक छोटी फाइल: नाव काय, लेखक कोण, लायसन्स कोणतं, दुसऱ्या कोणत्या लायब्रऱ्या लागतात आणि त्यांची कोणती व्हर्जन चालतात. त्या फाइलच्या पायावर २००७च्या सुमारास ‘हॅकेज’ उभं राहिलं. ही खरी भांड्यांची खोली. आज तिथे हजारो पॅकेजेस, म्हणजे अशा बांधून ठेवलेल्या लायब्रऱ्या, आहेत.

हॅकेजचे दोन नियम मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा, की नवख्याला नुसतं खातं उघडून अपलोड करता येत नाही. त्याची विनंती कुणीतरी माणूस बघतो आणि मग परवानगी मिळते. दुसरा नियम त्याहून कडक आहे. एकदा दिलेलं पॅकेज परत नेता येत नाही. ‘हे वापरू नका’ अशी पाटी लावता येते, नवं व्हर्जन देता येतं, पण जुनं आहे तिथेच राहतं. या नियमाची किंमत मार्च २०१६मध्ये जावास्क्रिप्टच्या जगाला कळली. तिथे एका लेखकाने वादातून आपलं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि त्यावर उभी असलेली असंख्य सॉफ्टवेअर जगभर अडकून पडली. दिलेलं परत घ्यायचा हक्क लेखकाला असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण गावाने पंगतीची तयारी केल्यावर पातेलं उचलून नेता येत नाही.

आता मी स्वतः दिलेल्या एका लहान भांड्याबद्दल सांगतो, कारण देणं म्हणजे काय हे मला त्यातून कळलं.

संख्या मराठी अक्षरांत लिहिणारी लायब्ररी. धनादेशावर, पावतीवर लागते तशी. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आणि एकक जोडलं की काम भागतं. मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतःचं नाव घेऊन येतो. त्रेचाळीस, सव्वीस, अठ्ठ्याण्णव. नियम दिसतो आणि हातातून निसटतो. म्हणून मी शंभर शब्दांचा तक्ता हाताने टाइप केला, वर शे, हजार, लाख, कोटीची जोडणी केली, आणि उलट दिशेचं फंक्शनही लिहिलं: शब्द दिले की संख्या.

तपासायला घेतलं क्विकचेक. ही स्वतः हॅस्केलच्या खोलीतली सर्वांत नावाजलेली वस्तू. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कोएन क्लेसन आणि जॉन ह्यूज यांनी २०००मध्ये ती मांडली, अवघ्या तीनशेच्या आसपास ओळींत. तिची कल्पना अशी, की ‘पाच दिले तर हे यावं, सात दिले तर ते यावं’ अशी एकेक चाचणी लिहीत बसू नका. कायम खरा असायला हवा तो नियम लिहा. उदाहरणं क्विकचेक शोधेल, आणि नियम मोडणारं सापडलं तर ते लहान करत करत तुमच्या हातात देईल. माझा नियम एका ओळीचा होता: संख्येचे शब्द करा, शब्दांची संख्या करा, मूळची संख्या परत यायला हवी. मी कोटीपर्यंतच्या संख्या निवडायला सांगितलं. काही क्षणांत नियम मोडला, ४,७९,३१२ या संख्येवर. क्विकचेकने ती कातरत आणली आणि थांबलं ४,७९,००० वर. चार लाख एकोणऐंशी हजार. तक्ता उघडून पाहिला तर ७९च्या जागी मी ‘एकोणसत्तर’ लिहून बसलो होतो. डोळ्यांनी मी तो तक्ता तीनदा वाचला होता.

हीच कल्पना पुढे स्कालात, पायथनमध्ये, अर्लांगमध्ये, कितीतरी भाषांत गेली. ज्यांनी हॅस्केल कधी उघडूनही पाहिलेली नाही असे लोक आज ती वापरतात. चांगल्या बियाण्यासारखी ती बांधाबांधाने पसरली.

लायब्ररी हॅकेजवर गेली, आणि चार-सहा महिन्यांनी अमेरिकेतल्या एका मराठी शाळेसाठी अंकांचा सराव तयार करणाऱ्या बाईंचं पत्र आलं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी सुटी वाचनपद्धत दिली होती, त्यावर इथे किती वाद झाला ते वाचकांना आठवत असेल. बाईंचं म्हणणं होतं, की ज्या मुलांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं त्यांना सुटी पद्धत आधी आणि रूढ नावं नंतर, असं दिलं की सोपं जातं. मला ते पटलं. माझ्याकडे ‘पद्धत’ नावाचा एक टाइप, म्हणजे किंमत कोणत्या प्रकारची असू शकते ते सांगणारा साचा, होता आणि त्यात दोन पर्याय होते, रूढ आणि धनादेशी. मी तिसरा घातला, सुटी. जुनं काहीच काढलं नव्हतं, फक्त भर घातली होती, म्हणून व्हर्जन ०.३.१.० वरून ०.३.२.० केलं आणि झोपलो.

सकाळी दुसऱ्या एकाचं पत्र. तो एका पतसंस्थेच्या पावत्यांचं काम करत होता आणि त्याचं बिल्ड रात्रीत अडलं होतं. त्याने आपल्या प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: रूढ असेल तर हे कर, धनादेशी असेल तर ते कर. आता कम्पायलर त्याला विचारत होता, तिसऱ्याचं काय? आणि त्याच्याकडे कम्पायलरच्या प्रत्येक सूचनेला चूक मानायचं असा नेम होता. हॅस्केलमध्ये व्हर्जन क्रमांकाचा लेखी संकेत आहे. पहिले दोन आकडे मिळून मोठं व्हर्जन. कुणाचंही काही मोडू शकेल असा बदल केला तर ते वाढवायचं. नवं फंक्शन दिलं तर तिसरा आकडा. आणि त्या संकेतात स्पष्ट आहे, की दिलेल्या टाइपमध्ये नवा पर्याय घालणं हा मोडणारा बदल आहे. मी द्यायला हवं होतं ०.४.०.०. पतसंस्थेच्या त्या गृहस्थांनी आपल्या फाइलमध्ये ‘०.४च्या खाली काहीही चालेल’ असं लिहिलं होतं, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून वरची हद्द ०.४ला ठेवली होती. मी त्या व्हर्जनवर ‘वापरू नका’ची पाटी लावली, ०.४.०.० दिलं आणि त्यांची माफी मागितली.

त्या दिवशी मला समजलं, की मी जगाला प्रोग्राम दिलेला नव्हता, शब्द दिला होता. प्रोग्राम लिहून झाला की संपतो. दिलेला शब्द पाळत राहावं लागतं, ज्यांची तोंडंही पाहिलेली नाहीत अशा माणसांसाठी.

या शब्दातला बराचसा भाग हॅस्केलमध्ये टाइपच बोलतो. एखादं फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे त्याच्या टाइपमध्ये असतं, आणि बाहेरच्या जगाला हात लावणार असेल, म्हणजे फाइल वाचणार, नेटवर जाणार, तर तेही तिथेच उघड लिहावं लागतं. पळवाट आहे, पण तिच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द आहे, त्यामुळे ती वापरलेली डोळ्यांत खुपते. मला सर्वांत आनंद होतो तो हूगल वापरताना. नील मिचेल यांनी केलेल्या या शोधयंत्रात वस्तूच्या नावाऐवजी टाइप टाकूनही शोधता येतं. ‘असेल किंवा नसेल अशा गोष्टींची यादी घेऊन, असलेल्याच गोष्टींची यादी देणारं’ असं विचारायचं, आणि ते फंक्शन समोर येतं, ज्याने लिहिलं त्याच्या पॅकेजच्या नावासकट. खोलीत शिरून ‘वीस माणसांचा भात मावेल असं काहीतरी’ म्हणावं आणि पातेलं पुढे यावं, तसं. पण टाइप सगळंच सांगत नाही. संख्या घेऊन मजकूर देणारं माझं फंक्शन ७९ला एकोणसत्तर म्हणत होतं तेव्हाही त्याचा टाइप अगदी बरोबर होता.

मराठीत लिहिणाऱ्याला या खोलीत आणखी एक गोष्ट लवकर भेटते. ‘मराठी’ हा शब्द हॅस्केलला जसाच्या तसा दाखवायला सांगा, तो २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असे आकडे काढून दाखवतो. म, र, काना, ठ, वेलांटी यांचे ते युनिकोड क्रमांक. तोच शब्द उलटा करायला सांगितला तर सुरुवातीलाच एक निराधार वेलांटी येते, जिला धरायला व्यंजन नाही. आपलं अक्षर म्हणजे संगणकाचा एक क्रमांक नव्हे, हे भाषेला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि ते ब्रायन ओसलिव्हन यांनी दिलेल्या लायब्रऱ्यांमुळे शक्य होतं. मजकुरासाठी आज जी ‘टेक्स्ट’ लायब्ररी सर्रास वापरली जाते ती त्यांनीच पुष्कळ पुढे नेली. २०२१च्या अखेरीस तिच्या २.० या व्हर्जनमध्ये पोटातली साठवण यूटीएफ-१६ सोडून यूटीएफ-८वर आली. इंग्रजी मजकुराची जागा त्यामुळे निम्मी झाली. देवनागरीचं मात्र प्रत्येक चिन्ह दोन बाइटचं तीन बाइटवर गेलं; ‘मराठी’ शब्द दहा बाइटचा पंधरा झाला. तरीही तो निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. फाइली आणि नेटवरचा मजकूर आज यूटीएफ-८मध्येच येतो, आणि वाचताना-लिहिताना होणारं रूपांतर त्यामुळे वाचलं. शिवाय तो बदल करताना पहिला आकडा वाढवला, चर्चा उघडपणे झाली, आणि ज्याला जुन्यावर राहायचं त्याला राहता आलं.

हा लेखही त्याच खोलीतल्या एका वस्तूतून तुमच्यापर्यंत आला आहे. मी साध्या मजकुरात लिहितो; संपादकांना वर्डची फाइल लागते. मधलं काम पॅन्डॉक करतं. ते २००६मध्ये लिहायला घेतलं जॉन मॅकफार्लेन यांनी, जे बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवतात. आज संशोधक आणि विद्यार्थी आर मार्कडाउनमध्ये किंवा क्वार्टोमध्ये प्रबंध लिहितात तेव्हा आतून पॅन्डॉकच चालतं, आणि त्यातल्या फारच थोड्यांना आपण हॅस्केल वापरतो आहोत हे माहीत असतं. हॅकेजवरची बहुतेक पॅकेजेस बीएसडी वळणाच्या लायसन्सखाली असतात: घ्या, बदला, विका, फक्त मूळ लेखकाचं नाव ठेवा. पॅन्डॉकचं लायसन्स जीपीएल आहे, म्हणजे बदललेलं पुढे दिलंत तर सोर्सही त्याच अटीवर द्या. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं मी ऐकली आहेत. मला स्वतःला भांड्यावरचं नाव पुरेसं वाटतं, पण पॅन्डॉकएवढं मोठं काम कुणी बंद कपाटात नेऊ नये म्हणून घातलेली अट मला खटकत नाही.

सगळं इतकं सुरळीत कधीच नव्हतं. २०१०च्या आसपास हॅस्केल शिकलेल्या कुणालाही ‘कॅबाल हेल’ हे दोन शब्द ऐकवा आणि त्याचा चेहरा बघा. एका पॅकेजला तिसऱ्याचं जुनं व्हर्जन हवं, दुसऱ्याला त्याचंच नवं, आणि संगणकावर दोन्ही एकत्र सुखाने नांदेनात. नवं काही बसवलं की जुनं मोडायचं. माझ्या ओळखीतली दोन हुशार मुलं त्या काळात भाषा सोडून गेली, आणि ती परत आली नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं. उपाय दोन बाजूंनी आले. मायकल स्नॉयमन आणि सहकाऱ्यांनी स्टॅकेज उभं केलं: एकमेकांबरोबर बांधून पाहिलेल्या व्हर्जनचे संच, ज्यात एखादं पॅकेज अडलं तर ते सांभाळणाऱ्याला, म्हणजे मेंटेनरला, कळवलं जातं. आणि कॅबालनेही ‘निक्स’ नावाच्या पॅकेज-व्यवस्थेकडून धडा घेऊन प्रत्येक व्हर्जन वेगवेगळं ठेवायची रीत आणली, जी २०१९पासून त्याची नेहमीची रीत झाली. आज नव्याने शिकणाऱ्याला तो नरक माहीतही नसतो.

कल्हई मात्र चालूच असते. हॅस्केलचा मुख्य कम्पायलर, ग्लासगोत जन्मलेला जीएचसी, साधारण सहा महिन्यांनी नवं व्हर्जन देतो आणि त्याबरोबर मूळ लायब्ररीचा आकडाही पुढे सरकतो. ज्या पॅकेजेसनी ‘इथपर्यंतच चालेल’ अशी वरची हद्द घातलेली असते, ती सगळी नव्या कम्पायलरवर आपोआप अडतात. त्यांच्यातली बरीचशी आतून धडधाकट असतात. कुणीतरी बांधून बघायचं, चाचण्या चालवायच्या आणि हद्द एका घराने वर न्यायची. त्यासाठी हॅकेजवर सोय आहे: प्रोग्रामला हात न लावता फक्त हद्दी दुरुस्त करता येतात आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते. मेंटेनर करत नसेल तर हॅकेजचे विश्वस्त करतात. ही मोजकी स्वयंसेवक माणसं आहेत. कुणाचा पत्ताच लागत नसेल आणि दुसऱ्या कुणाला ते पॅकेज सांभाळायचं असेल, तर त्याने तसं जाहीर करायचं, मूळ लेखकाला उत्तरासाठी वेळ द्यायचा, आणि मग ते हाती घ्यायचं. या रीतीत एक अदब आहे. माणूस गप्प झाला म्हणजे तो बेफिकीर आहे असं कुणी धरून चालत नाही.

मागच्या वर्षी वडिलांच्या आजारपणात मी तीन महिने संगणक उघडला नाही. या काळात जीएचसीचं नवं व्हर्जन आलं होतं. घरी परतल्यावर पहिल्या रात्री भीतभीतच मी माझ्या लायब्ररीचं पान उघडलं. तक्रारींचा ढीग असेल असं वाटलं होतं. एकही नव्हती. दुरुस्त्यांच्या यादीत एक नवी ओळ होती: मूळ लायब्ररीची वरची हद्द एका आकड्याने वाढवलेली, तारीख पाच आठवड्यांपूर्वीची, नाव एका विश्वस्ताचं. त्या माणसाला मराठी येत असण्याचं काही कारण नाही. त्याने माझ्या एकोणऐंशी आणि एकोणसत्तरच्या चाचण्या चालवून बघितल्या असणार, सगळ्या पास झालेल्या दिसल्या असणार, आणि तो पुढच्या पॅकेजकडे वळला असणार.